कोंडा की कोरडेपणा? : मस्तकाच्या त्वचेविषयी थोडे विवेचन

कोंडा, भुसा, चुणी आणि तूस हे चार निरनिराळे माल आहेत, हे आपल्या सभासदांस सांगावयास नको. गिरणीवाल्याने तांदळाच्या कोंड्याच्या नावावर तूस भरून पाठविले, तर पहिले पोते उघडताच दिवाणजी गाडी परत लावील. कोंड्यातून तेल निघते, तुसातून थेंबही निघत नाही. कोंडा जनावर खाते, तूस भट्टीत जळते. दोहोंचा भाव एक कसा असेल? परंतु पेढीवर इतका चोखंदळ असलेला हाच व्यापारी घरी आरशापुढे उभा राहतो, काळ्या कोटाच्या खांद्यावर पांढरे कण पाहतो, आणि त्या सर्वांस सरसकट 'कोंडा' म्हणून मोकळा होतो. मग शेजाऱ्याने सांगितलेले तेल म्हणा, जाहिरातीतला शांपू म्हणा, जे हाती लागेल ते मस्तकावर ओतले जाते. महिना-दोन महिने खर्च होतो, कण गळावयाचे ते गळतच राहतात, आणि शेवटी 'आमच्या घराण्यातच आहे' असे म्हणून विषय संपतो.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. धान्याच्या घाऊक व्यापारात उभा जन्म गेला, आणि धुळीचा व मस्तकाचा संबंध रोजचा असल्यामुळे या विषयाची चौकशी जाणत्या डॉक्टरांकडे वेळोवेळी करीत आलो, थोडे वाचले, एवढाच आमचा अधिकार. तेवढ्या बळावर जे मांडावयाचे ते असे : मस्तकावरून गळणाऱ्या पांढऱ्या कणांचेही बाजारातल्यासारखेच निरनिराळे माल आहेत. त्यांतील दोन मुख्य. एक तुसासारखा, कोरडा. दुसरा तांदळाच्या कोंड्यासारखा, तेलकट. पहिल्यास जे औषध तेच दुसऱ्यास अपथ्य. म्हणून उपचाराआधी पारख झाली पाहिजे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खाली नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, आणि सुमारे महिनाभरात पृष्ठभागी येऊन गळून जातात. हा व्यवहार जन्मभर अखंड चालू असतो. पेशी सुट्या सुट्या गळतात, तोवर डोळ्यांस काहीच दिसत नाही. त्या एकमेकींस चिकटून पापुद्र्याने सुटू लागल्या की कण दिसतात. भिंतीत विटांच्या सांध्यांत चुना भरावा, तद्वत् या पेशींच्या मधल्या जागेत स्निग्ध द्रव्य भरलेले असते. ते आतील ओलावा बाहेर जाऊ देत नाही. शिवाय केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी तेल पाझरवीत असतात, आणि मस्तकावर या ग्रंथी फार दाट असतात. निसर्गाने इतकी तजवीज केली असता मस्तक कोरडे पडते, याचा अर्थ बहुधा असा, की आपण ती तजवीज धुऊन टाकतो. वय वाढले म्हणजे ग्रंथींचे काम मंदावते, ही दुसरी गोष्ट. साठीपुढील मंडळींस आवळ्याएवढे तेल जास्त लागते, असे आमच्या आजीच्या पिढीतील बायका म्हणत, त्यात तथ्य आहे.

आता पारख. कोरडेपणाचे कण बारीक, पांढरे, हलके. केस झटकले की भुरभुर उडतात. नाहून झाल्यावर मस्तक ताणल्यासारखे वाटते, खाज सुटते, पण लाली फारशी नसते. अशा माणसाच्या नडग्या, हात, ओठही बहुधा फुटलेले असतात, कारण कोरडेपणा एकट्या मस्तकाचा क्वचितच असतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हा त्रास वाढतो आणि पहिल्या पावसाबरोबर आपोआप उतरतो. खऱ्या कोंड्याचे कण मोठे, पिवळसर, बोटांत चोळले असता तुपकट लागणारे असतात. ते मस्तकास चिकटून राहतात, खाली त्वचा लालसर असते, आणि भुवया, नाकाच्या कडा, कानामागची घडी, पुरुषांच्या छातीचा मध्यभाग या तेलकट जागीही तसेच पापुद्रे आढळतात. केस न धुतल्यास कोंडा वाढतो. फार धुतल्यास कोरडेपणा वाढतो. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी निम्मी पारख झाली. याखेरीज एक तिसरा माल असतो, तो म्हणजे उवांच्या लिखा. लीख केसाच्या दांडीस चिकटलेली असते, कोंड्याप्रमाणे बोटाने सरकत नाही. शाळकरी मुलींच्या वेण्यांत तिला कोंडा समजून आठवडेच्या आठवडे तेल घातले जाते, हे घरोघरच्या गृहिणींस विदित आहे.

कोंड्याचे कारण कोरडेपणाहून अगदी निराळे. प्रत्येक प्रौढ माणसाच्या मस्तकावर एक सूक्ष्म बुरशी वसती करून असते. फ्रेंच संशोधक लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ साली कोंड्याच्या पापुद्र्यांत ती पाहिली, आणि त्यांच्याच नावावरून पुढे ती मॅलॅसेझिया म्हणून ओळखली जाऊ लागली. ती ग्रंथींच्या तेलावर जगते, आणि ते तेल फोडताना काही आम्ले मागे टाकते. पुष्कळांच्या त्वचेस ही आम्ले सोसतात. काहींच्या त्वचेस सोसत नाहीत, तेथे जळजळ होते, आणि महिनाभराचा पेशींचा प्रवास घाईने उरकू लागतो. तोच कोंडा. तो संसर्गजन्य नाही, आणि अस्वच्छतेचे लक्षणही नाही. कोंडा असलेल्या मुलास 'नाहत नाहीस काय' म्हणून चारचौघांत बोलणे हा निव्वळ अन्याय होय. आणि ज्या बुरशीचे अन्नच तेल, तिच्यापुढे रात्री वाटीभर तेल ओतून सकाळपर्यंत ठेवणे म्हणजे घुशींच्या वखारीत धान्य मोकळे टाकण्यासारखे आहे. तुसाचा उपाय कोंड्यास अपथ्य म्हटले ते याच अर्थाने.

प्रथम कोरडेपणाचा विचार करू, आणि त्यातही पाण्याचा, कारण तेलाची चर्चा घरोघर होते, पाण्याची होत नाही. आपण पाणी गाळून वापरतो. त्याने सूक्ष्म जीवांचे रक्षण होते, गाळ निघतो; परंतु पाण्यात विरघळलेले क्षार गाळण्याच्या फडक्यात अडकत नाहीत. विंधन विहिरीचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा पाण्यात साबण फेसत नाही. त्याचा दह्याच्या कवड्यांसारखा साका बनतो, आणि तो साका केसांवर व मस्तकावर बसतो. तो निघावा म्हणून माणूस आणखी साबण लावतो, आणखी कढत पाणी घेतो, आणि त्वचेचे स्निग्ध द्रव्य मात्र धुऊन जाते. बेळगावात राकसकोपचे नळाचे पाणी येते त्या दिवशी नाहणे आणि बोअरच्या पाण्याने नाहणे यांतील फरक बायका हाताच्या स्पर्शाने सांगतात.

यावर उपाय आपल्याच घरी आहे. बंबातले किंवा पातेल्यातले पाणी चांगले उकळून ठेवले, की क्षारांचा एक भाग तळाशी पांढरा थर होऊन बसतो. बंबाच्या आत जमणारे पांढरे किटण ते हेच. हे निवलेले पाणी वरचेवर ओतून घ्यावे आणि निदान शेवटचे दोन-तीन तांबे तरी त्याचे घ्यावेत. व्रती मंडळी उकळलेलेच पाणी पितात. त्यांच्या घरी ही सोय आयतीच आहे. उकळण्याने सर्वच क्षार जात नाहीत, काही तसेच राहतात, तरी पुष्कळ फरक पडतो. पावसाळ्यात पागोळीचे पाणी गाळून घेतले तर त्याच्याइतके मऊ पाणी दुसरे नाही. मात्र मस्तकावर घ्यावयाचे पाणी कोमट असावे. अंगास सोसवेल तितके कढत पाणी मस्तकावर घेण्याची हिवाळ्यातील सवय कोरडेपणाचे मुख्य कारण आहे, असे आम्हांस एकाहून अधिक डॉक्टरांनी सांगितले.

साबण क्षारधर्मी असतो. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. अंगाच्या वडीनेच डोके धुणे ही पुरुषांची जुनी खोड, ती सोडावी. शिकेकाई साबणाइतकी क्षारधर्मी नाही, उलट किंचित आंबट आहे. तिच्यातील व रिठ्यातील फेसाळ द्रव्य मळ काढते. रिठा जरा अधिक कडक असल्याने कोरड्या मस्तकास बेतानेच वापरावा. खरेदीविषयी आमचा आग्रह असा, की तयार पुडा न घेता अख्ख्या शेंगा घ्याव्यात, निवडून बिया काढाव्यात, किडकी टाकून द्यावी, आणि काढा करून तो फडक्याने गाळूनच वापरावा. तयार भुकटीत काय मिसळले आहे ते कळत नाही, आणि गाळल्याविना लावलेल्या भुकटीचे कण केसांत राहून वाळले म्हणजे तेच कोंड्यासारखे गळतात! ज्यांस हा खटाटोप नको त्यांनी सौम्य शांपू खुशाल घ्यावा. शांपूचा जड पाण्यात साका होत नाही, हा त्याचा साबणावरील मोठा गुण. शांपू या शब्दाविषयी जाता जाता सांगावेसे वाटते, की तो मूळचा आपल्याकडील 'चांपणे', म्हणजे मर्दन, यापासून इंग्रजीत गेला. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मद यांनी १८१४ साली इंग्लंडात ब्रायटन येथे मर्दनस्नानाचे गृह काढले तेव्हा या शब्दाचा अर्थ केस धुणे असा नव्हताच. असो.

कोरड्या मस्तकास आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा धुणे पुरे. धुण्याआधी अर्धा ते एक तास खोबरेल अथवा तिळाचे तेल कोमट करून बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, त्वचेस चोळावे. केसांस चकाकी आणणे आणि त्वचेस तेल पोचविणे ही दोन कामे वेगळी आहेत. भांगाभांगाने केस फाकवून तेल लावल्याखेरीज दुसरे काम होत नाही. नाहून झाल्यावर पंचाने खसखसून न पुसता टिपून घ्यावे, आणि केस वाळविण्याचे कढत वाऱ्याचे यंत्र शक्यतो दूर ठेवावे. दिवाळीच्या पहाटे निर्वाणलाडू चढविण्यास मंदिरात निघण्यापूर्वी आपल्यापैकी पुष्कळ घरी अभ्यंगस्नान होते. हवा कोरडी होऊ लागते नेमकी त्याच सुमारास. तो एक दिवसाचा विधी तेथून शिमग्यापर्यंत आठवड्याचा केला, की कोरडेपणाचे निम्मे काम झाले. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसावा. न दिसल्यास आपली पारख चुकली असे समजून डॉक्टरकडे जावे.

तेलाच्या खरेदीविषयी व्यापारी म्हणून दोन शब्द. सुगंधी, रंगीत, 'थंड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवरील बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. पुष्कळांत पहिला घटक 'लिक्विड पॅराफिन' हा असतो, म्हणजे खनिज तेल. ते विष नाही, त्वचेवर थर करून ओलावा राखतेही. पण खनिज तेलास रंग व वास देऊन ते वनस्पतीच्या तेलाच्या भावाने घ्यावे, हा सौदा आम्हांस पटत नाही. खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, या वादाने तर करखात्यास आणि व्यापाऱ्यांस पंधरा वर्षांहून अधिक काळ न्यायालयाच्या पायऱ्या चढविल्या. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी निर्णय दिला, की लहान बाटलीत भरल्यानेच खोबरेल केशतेल ठरत नाही. वेष्टनावर केशतेल म्हणून विकले असेल तरच ते केशतेल. तेव्हा खाद्यतेलावर पाच टक्के आणि केशतेलावर अठरा टक्के कर असल्यामुळे या भेदास मोल होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल व शांपू हेही पाच टक्क्यांच्या वर्गात आले. मस्तकास मात्र चिठ्ठी कळत नाही. खाण्याचे शुद्ध खोबरेल त्यास पुरेसे आहे.

घरगुती उपायांत अंडे, मध आणि कांद्याचा रस ही नावे वारंवार येतात. आपणांस ती वर्ज्य, आणि कोरडेपणासाठी त्यांच्यावाचून काहीएक अडत नाही. कोरफड अनंतकायात गणली जाते म्हणून कित्येक घरी ती तोडत नाहीत. त्यांनी भिजविलेल्या मेथीचा बुळबुळीत लेप लावून पाहावा, अथवा नुसत्या तेलावर भागवावे. लिंबू थेट चोळण्याची चाल मात्र सर्वांनीच सोडावी. खाजवून सोललेल्या त्वचेवर लिंबाचा रस झोंबतो, आणि आग होते म्हणून औषध लागू पडले असे वाटते. शांपूच्या वेष्टनावर हिरवा ठिपका आहे काय ते पाहावे, नसल्यास घटक पाहावेत. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येते, केराटिन बहुधा लोकर, पिसे वा खुरे यांतून. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी करण्यास आपल्या देशात २०१४ सालापासून बंदी आहे, ही समाधानाची गोष्ट.

आता कोंडा. येथे तेल आवरते घ्यावे. लावावयाचेच तर धुण्याआधी अर्धा तास, आणि ते पूर्ण धुऊन निघाले पाहिजे. औषधी शांपूंत केटोकोनाझोल, झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड, कोलटार आणि सॅलिसिलिक आम्ल ही औषधे असतात. दोन टक्क्यांचे केटोकोनाझोल डॉक्टर बहुधा आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे सांगतात, आणि पुढे एक-दोन आठवड्यांतून एकदा. लोक येथे जी चूक करतात ती वेळेची. फेस केला आणि लगेच तांब्या ओतला, तर औषध मोरीत गेले. फेस मस्तकाच्या त्वचेवर तीन ते पाच मिनिटे राहिला पाहिजे. तेवढ्यात णमोकार मंत्राची एक माळ नसली तरी निम्मी होते. कोंडा मुळापासून कायमचा जात नाही, आटोक्यात राहतो. म्हणून 'सात दिवसांत कायमचा नाहीसा' असे म्हणणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवू नये. गोव्याकडील दमट हवेत आणि घामात कोंड्याची तक्रार अधिक येते. ग्वाल्हेर-इंदूरकडील थंडीत व उन्हाळ्याच्या झळांत कोरडेपणाची. लग्न होऊन एकीकडून दुसरीकडे गेलेल्या मुलीस माहेरचा उपाय सासरी लागू पडत नाही, तो यामुळेच. बुरशीनाशक औषध वापरावे की नाही असा प्रश्न काही धर्मशील मंडळी करतात. त्याचे उत्तर देण्याची आमची योग्यता नाही. तो महाराजांस विचारावा. केशलोच करणाऱ्या मुनिमहाराजांनी ही सारी उपाधीच टाकली आहे. आपण श्रावक, टोपी घालून पेढीवर बसणारे.

उवांच्या बाबतीत मात्र वाट सरळ आहे. केस ओले करून, तेल लावून, बारीक फणीने दर तीन-चार दिवसांनी दोन आठवडे विंचरीत राहिले, तर पुष्कळदा औषधाची गरज पडत नाही. घरातील प्रत्येकाची फणी निराळी असली, म्हणजे प्रश्न उद्भवण्याचे प्रसंगच कमी येतात.

लहान मुलांविषयी विशेष सावध असावे. तान्ह्या बाळाच्या टाळूवर जी पिवळी खपली धरते ती निरुपद्रवी असते. तेलाने मऊ करून मऊ कुंचल्याने हलकेच सोडवावी, नखाने उकरू नये. परंतु शाळकरी मुलाच्या डोक्यात गोल चकंदळ पडले, तेथील केस तुटके दिसू लागले, किंवा जागा सुजून मऊ लागली, तर तो कोंडा नव्हे, कोरडेपणाही नव्हे. ते गजकर्ण आहे, आणि ते फणी-टोपीवाटे एकाचे दुसऱ्यास लागते. ही बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असल्यामुळे वरून लावलेले मलम तेथवर पोचत नाही. काही आठवडे पोटात घेण्याचे औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे लागते. औषधाच्या दुकानातून परभारे आणलेल्या मिश्र मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने खाज थांबते, दुखणे आत वाढते. उशीर झाला, तर त्या जागी केस पुन्हा येत नाहीत. मुलाचे डोके भादरून तेल चोळीत बसण्यात जे दिवस जातात, ते त्याच्या जन्मभराच्या टकलाच्या हिशेबी जमा होतात.

तसेच सोरायसिसचे. मस्तकावर जाड, चांदीसारखे चमकणारे थर, कपाळाच्या केसरेषेपुढे आलेले, सोबत कोपरांवर-गुडघ्यांवर तसेच चट्टे, नखांवर टोचल्यासारखे खळगे, अशी त्याची खूण. तो स्पर्शाने, टॉवेलाने, ताटाने कोणास लागत नाही. तो आटोक्यात ठेवणारी औषधे आज आहेत. हे येथे मुद्दाम लिहिण्याचे कारण आपल्या समाजातील सोयरिकी. मुलीच्या केसांत खवले दिसतात एवढ्यावरून तिला काही भयंकर रोग आहे अशी कुजबुज होते, ठरत आलेली सोयरीक मोडते, आणि घरचे लोक डॉक्टरकडे जावयाचे सोडून ते लपविण्याच्या मागे लागतात. लपविल्याने उपचार लांबतो, खवले वाढतात, आणि कुजबुजीस आणखी आधार मिळतो. वरपक्षाकडील वडीलधाऱ्यांनी अशा वेळी कानावर आलेल्या गोष्टीपेक्षा त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी मागावी. वधूपक्षाने ती निःसंकोच दाखवावी. मालाचा नमुना पाहिल्याविना सौदा मोडणाऱ्यास आपण बाजारात काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.

मस्तकाचा कोरडेपणा कधी अन्य दुखण्याची सूचनाही असतो. अंग सर्वत्र कोरडे, केस राठ व विरळ, थंडी सोसवेना, वजन वाढते, बद्धकोष्ठ, सतत थकवा, अशी लक्षणे एकत्र आल्यास थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. बायकांत हे विशेष आढळते. कंपवाताच्या रोग्यांस तेलकट कोंडा अधिक होतो, तेव्हा घरच्यांनी तो निगा राखण्यातील हयगय समजू नये.

कलपाविषयी आमच्या वयाच्या मंडळींस सांगावेसे वाटते. काळ्या कलपात, आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्यांतही, पॅराफेनिलिनडायअमिन नावाचे रसायन असते. ते काहींस सोसत नाही. वर्षानुवर्षे सोसत आलेल्यासही एके दिवशी सोसेनासे होते. मस्तकास खाज, कानांच्या पाळ्या लाल, पापण्या सुजलेल्या, पाणी गळणारे फोड, अशी लक्षणे कलपानंतर एक-दोन दिवसांत दिसली तर तो कोंडा समजू नये. कलप बंद करून डॉक्टर गाठावा. प्रत्येक वेळी लावण्यापूर्वी थोडासा कानामागे लावून अठ्ठेचाळीस तास थांबावे. पांढऱ्या केसांनी पेढीची पत कमी झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

शेवटी आपल्या गोदामांविषयी. धान्याच्या धुळीत नुसती माती नसते. टरफलांची कुसे, बुरशीचे बीजाणू आणि धान्यातील सूक्ष्म कोळीवर्गीय किडे तिच्यात असतात. त्यांनी मस्तकास व मानेस खाज सुटते, आणि खाजवलेल्या त्वचेवर घाम व साबण पडला म्हणजे पापुद्रे धरतात. आपण पेढीवर बसतो; ही धूळ खरी झेलतात ती पाठीवर-डोक्यावर पोती वाहणारी हमाल मंडळी, आणि तिखटाच्या पेठेत मिरचीची पूड झेलणाऱ्या बायका. त्यांच्या डोक्याची खाज ही त्यांची खासगी बाब नाही. रोज दोन धुतलेली मांजरपाटाची फडकी प्रत्येकास डोक्यास बांधावयास द्यावीत, एक अंगावर, एक वाळत. घामाने भिजलेले तेच फडके आठवडाभर बांधणे हे न बांधण्याहून वाईट. टोप्यांनाही तेच लागू; एकाची टोपी दुसऱ्याने घालू नये. झाडण्यापूर्वी जमिनीवर पाण्याचा हलका शिडकावा करावा, मात्र थप्पीपासून दूर, नाहीतर बारदान ओल धरते. संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी डोके व मान नुसत्या पाण्याने धुता येईल असा एक नळ आवारात असावा. साबण रोज नको, पाणी पुरे. नळाचा, दोन खुंट्यांचा आणि दहा वार मांजरपाटाचा खर्च किती येतो, ते प्रत्येकाने आपापल्या दिवाणजींकडून या आठवड्यातच काढून घ्यावे.